हात जोडले जातात, पण शब्द फुटत नाहीत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. वय पंचेचाळिशीच्या पुढे. गेल्या वर्षी त्यांचा थोरला भाऊ हृदयविकाराच्या झटक्याने गेला. तो आयसीयूत होता तेव्हा त्या बाहेरच्या बाकावर बसून रात्रभर अथर्वशीर्ष म्हणत होत्या. नंतर भेटायला येणारे "देवाची इच्छा" म्हणून जात राहिले. काही महिन्यांनी पुण्यात शिकणारी मुलगी सुट्टीत घरी आली आणि बोलता बोलता म्हणाली, "आई, देव म्हणजे माणसाने विश्वाचं स्वतःसारखं करून ठेवलेलं वर्णन आहे. तू फिजिक्स शिकवतेस, हे मी तुला सांगायचं का?" ताईंची आई त्यांच्याकडेच राहते. तिचे गुडघे धरल्यापासून देवघर ताईंकडे आलं आहे. त्या लिहितात: "पूजा होते. हात जोडले जातात, पण शब्द फुटत नाहीत. वर्गात एक आणि देवघरात एक, अशी मी ढोंगी झाले आहे का? पूजा सोडली तर आईला काय सांगू? चालू ठेवली तर मुलीला काय सांगू? गणपती तोंडावर आले आहेत."

प्रिय ताई,

तुमच्या मुलीच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण त्याचा तुम्ही फार धसका घेतला आहे. ते वाक्य जुनं आहे, आणि ते बोलणारे बरेचसे लोक देव मानणारेच होते. अडीच हजार वर्षांपूर्वी झेनोफनीस नावाचा ग्रीक कवी म्हणून गेला, की बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी देवाची चित्रं बैलासारखी आणि घोड्यासारखीच काढली असती. हाच झेनोफनीस पुढे असंही सांगतो, की एक देव आहे आणि तो रूपाने किंवा विचाराने माणसासारखा मुळीच नाही. 1674 मध्ये हॉलंडमधल्या स्पिनोझा या तत्त्वज्ञाने एका पत्रात लिहिलं, की त्रिकोणाला बोलता आलं असतं तर तो म्हणाला असता, देव त्रिकोणी आहे. ईश्वर आणि निसर्ग एकच, असं मानणारा हा माणूस. त्याच्या मतांमुळे अॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने 1656 मध्ये, वयाच्या अवघ्या 23व्या वर्षी त्याला बहिष्कृत केलं होतं. तरी ईश्वराचा विचार त्याने मरेपर्यंत सोडला नाही.

आपल्याकडे तर ही गोष्ट कुणी लपवूनही ठेवलेली नाही. तुम्ही त्या रात्री जे अथर्वशीर्ष म्हणत होतात तेच बघा. "त्वं भूमिरापोऽनलोऽनिलो नभः." पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, आकाश, सगळं तूच. तिथे सोंड नाही, मोदक नाही, उंदीर नाही. "एकदन्तं चतुर्हस्तं" हे त्याच्या बरंच पुढे येतं. आधी पंचमहाभूतं, मग ध्यानासाठी रूप. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेवर बोलायला सुरुवात करताना जो गणपती उभा केला, तोही असाच. सहा दर्शनं हे त्याचे हात, तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक. ही मूर्ती आपण शब्दांनी घडवतो आहोत, हे ते ऐकणाऱ्यांसमोर उघड सांगतात आणि मग तिलाच नमस्कार करतात.

तेव्हा मुलीचं म्हणणं मान्य करायला तुम्हाला काहीच अडचण नसावी. रूप आपणच दिलेलं आहे. तुम्ही मात्र त्यापुढे एक पाऊल टाकलंत, आणि तिथे मला थांबवावंसं वाटतं. माणसाने दिलेलं रूप म्हणजे खोटं रूप, आणि खोट्यापुढे हात जोडणारी मी ढोंगी, असं तुम्ही धरून चालला आहात.

तुम्ही बारावीला चुंबकीय क्षेत्र शिकवत असाल. फळ्यावर पट्टीचुंबक काढता, उत्तर ध्रुवातून निघून वळसा घेत दक्षिण ध्रुवात शिरणाऱ्या रेषा काढता. त्या रेषा हवेत कुठेही नसतात. दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेतही क्षेत्र असतंच. मायकेल फॅरडेला गणित फारसं येत नव्हतं, म्हणून त्याने रेषांमधून विचार केला, आणि त्या विचारातून केवढं विज्ञान उभं राहिलं हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. त्या रेषा काढताना तुम्ही मुलांना फसवत नसता. जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्याशी मनाची गाठ पडावी म्हणून तुम्ही त्याला आकार देत असता.

ही तुलना इथपर्यंतच चालते, पुढे ताणू नका. बलरेषांवरून होकायंत्राची सुई कुठे वळेल हे सांगता येतं. देवाच्या रूपावरून उद्या काय होणार हे सांगता येत नाही, काल जे झालं ते का झालं हेही सांगता येत नाही. आणि तुमचं मन नेमकं इथे अडकलं आहे, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं.

शब्द बंद झाले ते मुलीच्या वाक्यानंतर, असं तुम्ही लिहिता. क्रम पुन्हा एकदा बघाल का? आधी ती रात्र. मग भाऊ गेला. मग दिवसकार्याला आलेल्या माणसांचं "देवाची इच्छा". मुलगी बोलली ती त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. माझा अंदाज असा, की शब्द आधीच आटले होते आणि मुलीच्या वाक्याने तुम्हाला त्याचं एक सभ्य, शास्त्रीय कारण मिळवून दिलं. "देव म्हणजे वर्णन आहे" असं म्हणणं सोपं जातं. "मी मागितलं आणि त्याने दिलं नाही" हे म्हणणं अवघड असतं. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या. बरोबर असेल, तर तुमचं भांडण तत्त्वज्ञानाशी नाही.

माणसाने देवाला स्वतःचं काय काय दिलं ते पाहा. हात, डोळे, मुकुट, वाहन, बायको, मुलं. याचा कुणाला जाच होत नाही. जड जातं ते दुसरं माणूसपण: मर्जी, राग, मान-अपमान, शिक्षा. "देवाची इच्छा" म्हणणाऱ्याला वाटतं की आपण धीर देतो आहोत. बाकावर रात्र काढलेल्या बहिणीला मात्र ऐकू येतं, की कुणीतरी ठरवून माझ्या भावाला नेलं आणि माझं म्हणणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली. स्नायूला रक्त मिळालं नाही. त्यात कुणाचा रोष नव्हता, आणि तुमच्या म्हणण्यात एखादा उच्चार चुकला म्हणूनही काही झालं नाही.

प्रत्येक हालचालीमागे कुणाचा तरी हेतू शोधणं ही मनाची सवयच आहे. 1944 मध्ये हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटीशी चित्रफीत दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकोनी चौकटीच्या आतबाहेर सरकत होते, बाकी काही नाही. जवळजवळ सगळ्यांनी त्यात गोष्ट पाहिली: मोठा त्रिकोण दांडगाई करतो आहे, छोटा लढतो आहे, वर्तुळ घाबरून पळतं आहे. कागदी आकारांचं जिथे असं होतं, तिथे मरणासारख्या गोष्टीमागे आपण हेतू शोधणार नाही असं कसं होईल?

पण या सवयीची किंमत मोजावी लागते. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की मरीआई कोपली असं गावं मानत, आणि तिचा गाडा वाजतगाजत ओढून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढचं गाव तो आणखी पुढे ढकलत असे. आजार मात्र पिण्याच्या पाण्यातून पसरत होता. आणि याहून खोल गेलेलं एक उदाहरण पूजेत रोज म्हटल्या जाणाऱ्या पुरुषसूक्तात आहे. विश्वाला एका विराट माणसाचं शरीर मानून रचलेलं ते सूक्त: मनातून चंद्र, डोळ्यांतून सूर्य, श्वासातून वारा, मस्तकातून आकाश, पायांतून पृथ्वी. कवी म्हणून माणूस थक्क होतो. पण त्याच शरीराच्या मुखातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्र आले असंही ते सांगतं, आणि त्या एका ऋचेच्या आधारावर माणसांना किती पिढ्या पायाशी ठेवलं गेलं. शूद्र कोण होते या प्रश्नावरचा डॉ. आंबेडकरांचा 1946 चा ग्रंथ सुरू होतो तो याच सूक्ताच्या कोड्यापासून. जोतीराव फुल्यांनीही निर्माता नाकारला नाही. त्याला निर्मिक म्हटलं, आणि मूर्ती व मधले दलाल दोन्ही दूर सारले.

म्हणून देवाला माणसाचं रूप देणं बरोबर की चूक, असं सरसकट विचारण्यात मला अर्थ दिसत नाही. त्या रूपाच्या नावाने कुणावर काय लादलं जातं आहे, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं. आत्ता ते तुमच्यावर लादलं गेलं आहे. देवाच्या मर्जीने भाऊ गेला ही समजूत मनातून काढून टाका. त्यासाठी देव काढून टाकावा लागत नाही.

मग रूपाचं उरतं काय? इथे माझी वाट तुमच्या मुलीपासून वेगळी होते.

गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन कृष्णाकडे विश्वरूप मागतो. त्याला ते दिसतं. असंख्य तोंडं, असंख्य डोळे, आणि त्या जबड्यांत वेगाने शिरणारे दोन्हीकडचे योद्धे. अर्जुन म्हणतो, मला दिशा कळेनाशा झाल्या. तो काकुळतीला येतो, की तुझं नेहमीचं रूप दाखव. आणि समोर ते सौम्य माणसाचं रूप आल्यावर म्हणतो, आता माझं चित्त ठिकाणावर आलं. अर्जुनाला अज्ञानी कसं म्हणणार? विश्व जसं आहे तसं त्याने पाहिलेलं आहे. पाहून झाल्यावर, सगळं कळल्यावर, तो माणसाच्या चेहऱ्याकडे परत येतो, कारण जो समोर आहे त्याच्याशी त्याला बोलायचं आहे आणि त्या जबड्यांशी बोलता येत नाही. पुढच्याच अध्यायात कृष्ण सांगतो, की अव्यक्ताची वाट देहधाऱ्यांना फार कष्टाची जाते.

तुम्हाला हे विश्वरूप आकड्यांतून माहीत आहे. सुमारे 1380 कोटी वर्षांचं वय. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेतून आज आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश निघाला सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी. त्याचं वर्णन करता येतं, मोजमाप करता येतं. रात्री अडीच वाजता आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बाईला त्याला हाक मात्र मारता येत नाही. मुलगी देवाला वर्णन म्हणते. पण तुम्ही बाकावर बसून विश्वाचं वर्णन करत नव्हता, तुम्ही कुणाला तरी हाक मारत होता. वर्णन खरं आहे की खोटं हे तपासता येतं. हाकेला ती कसोटी लागत नाही. हाक मारावीशी वाटते किंवा वाटत नाही, एवढंच. ती पोचते का, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका.

पंढरपूरला आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात. मग चोवीस तास दर्शन चालतं, विठ्ठल झोपायला जात नाही. उभं राहून राहून थकेल म्हणून त्याच्या पाठीशी मऊ लोड लावतात. वारी पार पडली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्याने स्नान घालतात आणि शीण जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात. ज्या परंपरेने सगुण आणि निर्गुण एकच म्हणून शतकानुशतकं गाइलं, तिलाच दगडाची पाठ दुखेल याची काळजी आहे. त्या लोकांना दगड कळत नव्हता असं मला वाटत नाही. कुणाची तरी काळजी घेत घेतच माणूस हळवा होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इथे देवाचं माणूसपण कुणाला शिक्षा करत नाही, कुणाला पायाशी ठेवत नाही. ते देवालाच काढा पाजतं. असलं माणूसपण मी आनंदाने ठेवीन.

आणि हाकेची गरज कुणालाच सुटलेली नाही. तुमच्या मुलीच्याच वयाची मुलं हल्ली म्हणतात, "युनिव्हर्स मला साइन देतंय", "युनिव्हर्सला सांग, मिळेल." चेहरा काढून टाकला, मर्जी तशीच ठेवली. त्यातला "तू मनापासून मागितलं नसशील" हा भाग तर जुन्या कोपाइतकाच क्रूर आहे. मुलीशी बोलाल तेव्हा हेही तिच्यापुढे ठेवा.

तुमच्यासारख्या काहींना मात्र हाक मारणं आता खरोखरच जमणार नाही, आणि तीही एक प्रामाणिक जागा आहे. स्पिनोझा म्हणतो, जो ईश्वरावर प्रेम करतो त्याने ईश्वराकडून उलट प्रेमाची अपेक्षा धरू नये. विश्वाचे नियम समजून घेण्यातच त्याला ते प्रेम सापडलं. वर्गात एखादं समीकरण सुटताना तुम्हाला जर हे जाणवत असेल, तर तुम्ही काही गमावलेलं नाही. पण ते जाणवत नसेल, तर मुलगी हुशार आहे म्हणून उसनं आणू नका.

आता रोजच्या प्रश्नांकडे येते. पूजा सोडू नका असं मी म्हणत नाही, पण आज, दुःखाच्या भरात सोडू नका. ती लहान करा. दिवा, फूल, नमस्कार. जे म्हणताना घशात अडकतं ते म्हणू नका. अथर्वशीर्ष काही महिने बाजूला ठेवलंत तरी चालेल, त्याच्याशी ती रात्र बांधली गेली आहे. काही मागू नका. शब्द नसतील तर दिव्यापुढे दोन मिनिटं गप्प बसा. राग आला तर रागच बोला. आपल्या संतांनी विठ्ठलाला काय कमी शिव्या दिल्या आहेत? ढोंग म्हणजे दुसऱ्याला दाखवण्यासाठी केलेली गोष्ट. तुमच्या पूजेला तर बघणारं कुणीच नसतं. ज्या दिवशी तुम्हाला वाटेल की ही फक्त आईसाठी चालली आहे, त्या दिवशीही ती ढोंग ठरत नाही. मग ती आईची सेवा आहे, आणि तसं मनाशी स्पष्ट ठेवलंत की झालं.

ज्यांच्या घरात आत्ता कुणी दवाखान्यात आहे अशा वाचकांनाही सांगते: प्रार्थना करा, पण तिच्यावर पेशंटची जबाबदारी टाकू नका. औषधं, तपासण्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, हे निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या आणि नवस त्यांच्या आड येऊ देऊ नका. भेटायला जाणार असाल, तर "देवाची इच्छा" आणि "भोग असतात" ही दोन्ही वाक्यं घरी ठेवून जा. "मी डबा आणते" किंवा "आज रात्री मी थांबतो" हे पुरतं. आणि ताई, देवघराबाहेरही सगळं कोरडं झालं असेल, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, शिकवण्यात मन लागत नसेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न समजून अंगावर काढू नका. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

मुलीला सरळ सांगा: "रूप माणसाने दिलं हे तुझं बरोबर आहे. तरी मला कधी कधी बोलावंसं वाटतं, आणि मामा गेल्यापासून ते बंद झालं आहे." ती वादाला तयार असेल, या वाक्याला नसेल. तिचाही मामा गेला आहे. तुमच्या पत्रावरून ती उद्धट वाटत नाही. आईने रात्रभर स्तोत्र म्हणूनही काही झालं नाही, याचा तिलाही राग आला असेल आणि तो असा बाहेर पडला असेल. गणपती बसवा. आरतीला उभं राहायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या, आणि राहिली नाही तर पाहुण्यांपुढे त्याचा विषय काढू नका.

शेवटचं तुमच्या आईबद्दल. पत्रात त्या फक्त गुडघ्यांपुरत्या येतात. ताई, त्यांचा मुलगा गेला आहे. तुम्हाला भीती वाटते की पूजा सोडली तर त्यांना धक्का बसेल, पण त्या स्वतः गेलं वर्षभर देवाशी काय बोलत आहेत, की त्यांचंही बोलणं थांबलं आहे, हे तुम्हाला माहीत नाही. एखाद्या दुपारी जवळ बसून विचारा. त्यांना पटवायला किंवा तुमचं मत सांगायला जाऊ नका, नुसतं विचारा आणि ऐका. पूजेचं काय करायचं ते तुम्ही दोघी मिळून त्यानंतर ठरवा.